शिनोली ते नाकुरू : स्वयंसेवेची दोन वर्षे

मंचरहून भीमाशंकरकडे जाणाऱ्या रस्त्यावर घोडेगाव मागे पडले की शिनोली लागते. पुढे डिंभे धरणाची भिंत आणि तिच्या पाठीमागे सह्याद्रीच्या रांगा. पावसाळा सुरू झाला की शनिवार-रविवारी या रस्त्याने शहरातील गाड्यांची रीघ लागते. माणसे येतात, धुके पाहतात, भाजलेली कणसे खातात, छायाचित्रे काढतात आणि रविवारी दिवेलागणीला परत फिरतात. गावाचा सोमवार त्यांनी कधी पाहिलेला नसतो. हे मी नापसंतीने लिहीत नाही. आमचे किराणा-भुसाराचे दुकान याच रस्त्यावर आहे आणि त्या गाड्यांनी दुकानाला चार पैसे मिळवून दिले आहेत. परंतु जानेवारी २०१८ मध्ये केनियातील नाकुरू शहराजवळच्या एका खेड्यात दोन वर्षांसाठी स्वयंसेविका म्हणून गेले, तेव्हा मनाशी एवढे मात्र ठरविले होते की, तेथील सोमवार आधी पाहायचा. शनिवार-रविवारचे नंतर पाहू.

मी आंबेगाव तालुक्यातील एका माध्यमिक शाळेत सत्तावीस वर्षे गणित आणि विज्ञान शिकविले. मुलगा नोकरीला लागला, मुलगी सासरी गेली, दुकानाचा कारभार पुतण्याने हाती घेतला आणि स्वेच्छानिवृत्तीचा अर्ज मंजूर झाला. आता पुढे काय, हा प्रश्न होता. परदेशी जाऊन विनावेतन काम करण्याची कल्पना आपल्याकडे नवी नाही. सोलापूरचे डॉ. द्वारकानाथ कोटणीस १९३८ साली वैद्यकीय पथकातून चीनला गेले आणि १९४२ साली तेथेच निवर्तले, हे आमच्या पिढीने शाळेतच ऐकले होते. पुढे ब्रिटनमध्ये १९५८ साली, अमेरिकेत १९६१ साली आणि संयुक्त राष्ट्रसंघात १९७० साली या कामासाठी कायमच्या यंत्रणा उभ्या राहिल्या. पूर्वी त्यांत प्रामुख्याने गोऱ्या देशांतील तरुण असत. आता भारत, फिलिपाइन्स, युगांडा अशा देशांतील अनुभवी शिक्षक, परिचारिका, हिशेबनीस यांनाही त्यांतून पाठविले जाते. राहण्याची सोय, विमा आणि तेथील राहणीला पुरेल एवढा भत्ता मिळतो. शिल्लक काही उरत नाही. यजमान एवढेच म्हणाले, “दोन वर्षे म्हणजे दोन वर्षे. तिसरे नाही.”

परत आल्यापासून मला दोनच प्रश्न विचारले जातात. तिकडे खायचे काय, हा पहिला. आणि सिंह पाहिला का, हा दुसरा. दोन्ही प्रश्न रास्त आहेत आणि त्यांची उत्तरे मी आनंदाने देते. तिसरा प्रश्न मात्र कोणी विचारीत नाही, म्हणून त्याचे उत्तर या लेखात आपणहून देणार आहे.

खाण्याचे आधी सांगते. केनियाचे रोजचे अन्न म्हणजे उगाली. पांढऱ्या मक्याचे पीठ उकळत्या पाण्यात घोटून केलेला घट्ट गोळा. आपल्याकडील उकडीचा थोरला भाऊ म्हणावा असा. त्याबरोबर सुकुमा विकी नावाची हिरवी पालेभाजी. या नावाचा अर्थच ‘आठवडा ढकला’ असा आहे, कारण पैसे संपले तरी ही भाजी मिळते. शाकाहारी माणसाला त्या देशात उपाशी राहावे लागते हा समज अगदी खोटा. तेरेरे म्हणजे आपला माठ, कुंडे म्हणजे चवळीचा पाला, न्देंगू म्हणजे मूग, आणि एवोकॅडो तर आपल्याकडे पेरू मिळावेत तसे. चपातीला ते लोकही चपातीच म्हणतात. अडचण होती ती बटाट्याची. नाकुरूच्या वरच्या अंगाला न्यांदारुआचे पठार आहे. तेथे बटाटा पिकतो तो आमच्या सातगाव पठारासारखा, आणि प्रत्येक घरी पाहुण्यासाठी मका, वाटाणा व बटाटा एकत्र घोटून मुकिमो करतात. माझ्या घरी कंदमूळ वर्ज्य. पहिल्या महिन्यात शेजारच्या आजींनी मोठ्या मायेने ताट पुढे केले, तेव्हा नकार कसा द्यावा हे सुचेना. शेवटी मोडक्यातोडक्या स्वाहिलीत सांगितले की, जमिनीखालचे आम्ही खात नाही, ही आमच्या घरची रीत. आजींनी क्षणभर विचार केला आणि विचारले, “मग जमिनीच्या वरचे सगळे खाता?” मांस, मासे, अंडी ही यादी सुरू झाली तेव्हा त्या मनापासून हसल्या. पुढच्या खेपेस माझ्यासाठी हिरव्या केळ्यांचा मुकिमो तयार होता. तो पदार्थ नंतर त्यांच्या घरीही रुळला, असे त्यांच्या सुनेने मला सांगितले.

सूर्यास्तापूर्वी जेवण्याचा नियम पाळायला तर याहून सोयीचा मुलुख नसेल. नाकुरू विषुववृत्ताच्या अगदी जवळ असल्याने सूर्य बाराही महिने साडेसहाच्या सुमारास उगवतो आणि साडेसहाच्या सुमारासच मावळतो. स्वाहिली भाषेत घड्याळही त्यावरच चालते. आपण ज्याला सकाळचे सात म्हणतो तो त्यांचा ‘पहिला तास’, आठ म्हणजे ‘दुसरा तास’. दिवस सूर्योदयापासून मोजायचा, ही आपली जुनी घटिकांची रीत मला आठवली आणि त्या घड्याळाची सवय लवकर झाली. भाषेचीही झाली. हिशेबाला ‘हेसाबू’, पुस्तकाला ‘किताबू’, लेखणीला ‘कलामू’, साबणाला ‘साबुनी’, दुकानाला ‘दुका’, आंब्याला ‘एंबे’, रंगाला ‘रंगी’. अरबी, फारसी आणि गुजराती शब्द ज्या समुद्रवाटेने आपल्याकडे आले, त्याच वाऱ्यांनी ते त्या किनाऱ्यालाही पोहोचले. कर्जाला ते ‘देनी’ म्हणतात. मूळ अरबी असले तरी आमच्या उधारीच्या वहीतील ‘देणे’च ते, असे वाटून मला प्रत्येक वेळी हसू येई. सिंहाला ‘सिंबा’ म्हणतात. हा शब्द मात्र त्यांच्या स्वतःच्या बांटू भाषाकुळातला आहे, संस्कृताशी त्याचे नाते जोडण्याचा मोह आवरावा. आणि पोक्त स्त्रीला सारे आदराने ‘मामा’ म्हणतात. दोन वर्षे मी शेदीडशे मुलांची मामा होते. फोनवर हे ऐकून आमच्या नातवाने माझ्या मिशांची चौकशी केली.

आता सोमवारचे. मी ज्या प्राथमिक शाळेत होते तिची पहिली इमारत गावकऱ्यांनी ‘हरांबे’ करून बांधलेली. स्वातंत्र्यानंतर, म्हणजे १९६३ पासून, केनियाने हा शब्द राष्ट्राचे ब्रीद म्हणून घेतला. सर्वांनी मिळून ओढायचे, असा त्याचा अर्थ. आमच्या तालुक्याच्या पश्चिमेकडील आदिवासी गावांत ‘पडकई’ची रीत आहे. आज याच्या शेतावर, उद्या त्याच्या शेतावर सर्वांनी मिळून राबायचे आणि डोंगरउतारावर भाताची खाचरे घडवायची. हरांबे म्हणजे काय, हे मला कोणी समजावून सांगावे लागले नाही. बायकांचे ‘चामा’ही तसेच, म्हणजे सरळसरळ भिशी. फरक इतकाच की त्यांचे पैसे मोबाईलवरून फिरतात. तेथे एम-पेसा २००७ सालीच सुरू झाले होते आणि रताळी विकणारी आजीसुद्धा ते सराईतपणे वापरीत असे.

सातवीच्या वर्गात बासष्ट मुले. तिघांत एक पाठ्यपुस्तक. २००३ साली सरकारने प्राथमिक शिक्षण निःशुल्क केले तेव्हा एका वर्षात दहा लाखांहून अधिक मुले नव्याने शाळेत आली. वर्ग भरले, परंतु शिक्षकांची भरती त्या वेगाने झाली नाही. सरकारचा शिक्षक सेवा आयोग जेवढे शिक्षक देतो ते पुरत नाहीत, म्हणून शाळेचे व्यवस्थापन मंडळ पालकांकडून पैसे गोळा करून आणखी शिक्षक ठेवते. आपल्याकडील विनाअनुदानित शाळेतील किंवा तासिका तत्त्वावरील शिक्षकांची स्थिती ज्यांना ठाऊक आहे त्यांना अधिक सांगायला नको. आमच्या शाळेत सातवीचे गणित अशीच एक तरुण शिक्षिका शिकवीत होती. प्रशिक्षित, पदविका मिळविलेली, दोन लहान मुलांची आई. तिचा पगार महिन्याच्या महिन्याला मिळेलच याची खात्री नसे.

येथेच तो तिसरा प्रश्न येतो : तुमच्या जाण्याने तेथे नेमका कोणाचा फायदा झाला?

पहिल्याच आठवड्यातील बैठकीत मुख्याध्यापकांनी मला सातवी आणि आठवीचे गणित देण्याचे योजिले होते. त्या काळी आठवीच्या अखेरीस सार्वत्रिक परीक्षा असे, पालकांचे सारे लक्ष तिच्या गुणांवर. भारतातून अनुभवी शिक्षिका आली आहे, तीही विनामूल्य. मग मंडळाने एका शिक्षिकेचा पगार वाचवावा, हा हिशेब सरळ होता. त्यात कोणाचा दुष्टावा नव्हता. वाचलेल्या पैशांतून त्यांना मुलींसाठी स्वच्छतागृह बांधायचे होते. मी कोपऱ्यात बसलेल्या त्या शिक्षिकेकडे पाहिले. ती वहीत काहीतरी लिहीत होती आणि मान वर करीत नव्हती. दुकानदाराच्या घरात आयुष्य गेल्याने मला एक गोष्ट पक्की माहीत आहे : रस्त्यावर कोणी फुकट धान्य वाटू लागला की पहिल्यांदा बसते ते शेजारचे लहान दुकान. वाटणारा निघून जातो, आणि मग गावात ना धान्य राहते ना दुकान.

मी सांगितले की, वर्ग त्यांचाच राहील. मी त्या वर्गात त्यांच्याबरोबर उभी राहीन आणि शाळा सुटल्यावर परिसरातील सर्व शाळांच्या गणित शिक्षकांबरोबर बसेन. हे काही मला तेथे सुचलेले शहाणपण नव्हे. ज्या संस्थेतर्फे मी गेले होते तिच्या करारातच स्थानिक शिक्षकाची जागा घेऊ नये असे लिहिलेले होते. परंतु करारातील वाक्य आणि मुख्याध्यापकांचा उतरलेला चेहरा यांच्यामध्ये उभे राहणे सोपे नसते. पहिले सत्र अवघड गेले. पालकांना वाटे, ही बाई आली तरी शिकवीत का नाही? ती शिक्षिकाही सावधच होती. माझ्या नजरेखाली शिकविणे तिला परीक्षा दिल्यासारखे वाटत असणार. आमच्यातले अवघडलेपण गेले ते वर्गात नव्हे, शनिवार-रविवारी.

तर आता दुसऱ्या प्रश्नाकडे वळते. हो, सिंह पाहिला, एकदाच, झाडाखाली झोपलेला. पण माझ्या सुट्या बहुधा पायी किंवा मटाटूने झाल्या. मटाटू म्हणजे चौदा आसनांची गाडी, आपले वडापच म्हणा. बसणाऱ्यांची संख्या आसनांच्या संख्येशी जुळेलच असे नाही, हेही साम्य आहेच. नाकुरूच्या डोक्यावर मेनेंगाईचे ज्वालामुखी विवर आहे, सुमारे १२ किलोमीटर लांब आणि ८ किलोमीटर रुंद. काठावर उभे राहिले की खाली गर्द झाडी आणि तिच्यातून ठिकठिकाणी वर येणारी वाफ दिसते. पहिल्या सहलीला त्या शिक्षिकेने मला तेथे नेले, कारण तेथे तिकिटाचा खर्च कमी आणि घरून भाकर बांधून नेता येते. भाकर म्हणजे खरोखर भाकर : उगालीच्या पिठाची मी थापलेली. तिच्या थोरल्या मुलाने ती तिखटाबरोबर खाल्ली आणि डोळ्यांत पाणी आले तरी थांबला नाही.

दुसरी सहल न्याहुरुरूची. हे गाव समुद्रसपाटीपासून सुमारे २,३६० मीटरवर; महाबळेश्वरही त्यापुढे बरेच खाली. तेथील थॉमसन धबधबा ७४ मीटर उंचीचा. परंतु मला आठवते ते विषुववृत्ताच्या फलकापाशी घडलेले. तेथे एक गृहस्थ भोक पाडलेले भांडे आणि पाणी घेऊन उभे असतात. रेषेच्या उत्तरेस वीस पावले गेले की पाण्यावर टाकलेली काडी एका दिशेने फिरते, दक्षिणेस वीस पावले आले की उलट दिशेने, आणि रेषेवर ती फिरतच नाही. पर्यटक थक्क होऊन पैसे देतात. पृथ्वीच्या फिरण्याचा परिणाम वादळांवर होतो हे खरे, परंतु वीस पावलांच्या अंतरावर एवढ्याशा भांड्यात तो दिसणे शक्य नाही. भांडे ठेवताना हाताला दिलेला हलकासा हिसका पाण्याची दिशा ठरवितो. मी काही बोलले नाही. त्या गृहस्थाच्या पोटावर पाय देण्यासाठी मी एवढ्या लांब आले नव्हते. परतीच्या मटाटूत अर्धा तास गप्प बसलेली शिक्षिका अचानक म्हणाली, “मामा, वीस पावलांत एवढा फरक पडत असेल, तर आपल्या शाळेत पाणी नेहमी एकाच दिशेने फिरायला हवे. आपण तर रेषेपासून कितीतरी दूर आहोत.”

सोमवारी तिने वर्गात तीन प्लॅस्टिकच्या बादल्या आणविल्या, तळाला भोके पाडविली आणि मुलांचे गट केले. आठवडाभर मुले पाणी भरून, स्थिर होऊ देऊन, सोडून पाहत राहिली आणि फळ्यावर दोन रकान्यांत खुणा करीत राहिली. कधी पाणी उजवीकडे फिरे, कधी डावीकडे, कधी नुसतेच खाली जाई. मग तिने त्या खुणांवरून शेकडेवारी, आलेख, सरासरी असा सारा अध्याय शिकविला. मी खिडकीपाशी उभी होते. सत्तावीस वर्षांत मला हा अध्याय इतका चांगला शिकविता आला नव्हता. त्यानंतर परिसरातील शिक्षकांच्या सभेत ‘बादलीचा धडा’ तिने करून दाखविला. मी फक्त खडू पुरविले. पालकांनी मला शिकवीत का नाही असे विचारणेही त्याच सुमारास थांबले.

नाकुरू सरोवर शाळेपासून फार दूर नाही, तरी त्या शिक्षिकेने ते आतून कधी पाहिले नव्हते. १९६१ साली ते पक्षी अभयारण्य झाले, १९६८ साली राष्ट्रीय उद्यान. गुलाबी रोहित पक्ष्यांसाठी ते जगभर नावाजलेले. परंतु अलीकडच्या वर्षांत पाण्याची पातळी एवढी वाढली की उद्यानाचे जुने प्रवेशद्वारच बुडाले. पाणी वाढले की त्याचा खारेपणा उतरतो, रोहित ज्या शेवाळावर जगतात ते कमी होते आणि थवे बोगोरिया सरोवराकडे जातात. हे सर्व आम्ही मुलांना आधी वर्गात शिकविले आणि मग एका शनिवारी, पालकांनी वर्गणी काढून ठरविलेल्या बसमधून, सातवीला घेऊन गेलो. परदेशी माणसाला प्रवेशासाठी स्थानिकाच्या कितीतरी पट पैसे पडतात. माझ्या एकटीच्या तिकिटात किती मुलांची तिकिटे आली असती, हे गणित मुलांनी बसमध्येच तोंडी सोडविले आणि मला मोठ्याने सांगितले. रोहित थोडेच दिसले. गेंडा मात्र चांगला जवळून दिसला. एका मुलाने त्याची किंमत विचारली.

बिबट्याच्या शोधात आम्ही दिवसभर फिरलो, दिसला नाही. तेव्हा शिक्षिका म्हणाली, “त्याला पाहायला लोक एवढे पैसे का देतात? माझ्या माहेरी लाइकिपियात हत्ती रात्री येऊन मका तुडवून जातात. तेथे कोणी पैसे देत नाही.” मी म्हटले, आमच्याकडेही बिबट्या फुकटच येतो. जुन्नर-आंबेगावात धरणे आणि कालवे झाले, ऊस वाढला, आणि बिबट्याने उसालाच जंगल मानले. त्याची पिल्ले उसातच जन्मतात. उसतोडीच्या वेळी ती सापडतात, आई बिथरते. माणसे मेली आहेत, जनावरे तर नित्याचीच. माणिकडोहला बिबट्यांचे निवारा केंद्र आहे आणि आमच्या गावात अंधार पडल्यावर लहान मुलाला एकटे अंगणात सोडीत नाहीत. हे ऐकून बसमधील मुले गप्प झाली. आफ्रिकेत राहणाऱ्यांच्याच दाराशी रानटी जनावरे असतात, असे त्यांनाही वाटत होते.

त्याच दिवशी एकाने विचारले, “मामा, आमच्याकडून कोणी तुमच्याकडे गेले होते का?” सोमवारी मी नकाशा टांगला. केनियाच्या उत्तरेला इथिओपिया, त्यांचा शेजारी. तेथे सोळाव्या शतकात जन्मलेला एक मुलगा गुलाम म्हणून विकला गेला, बगदादमार्गे दख्खनेत आला आणि निजामशाहीचा कर्ताधर्ता झाला. त्याचे नाव मलिक अंबर. त्याने मोगलांना वर्षानुवर्षे झुंजविले, जमीन महसुलाची घडी बसविली, काही काळ राजधानी जुन्नरला आणली, म्हणजे आमच्या घरापासून एसटीने जाण्याच्या अंतरावर. १६२६ साली तो वारला. खुलताबादला त्याची कबर आहे. जुन्नरजवळ हापूसबाग नावाचे ठिकाण आहे, ते मूळचे ‘हबशीबाग’ असे जुने लोक सांगतात. मुलांनी मलिक अंबर हे नाव वहीत लिहून घेतले. मागच्या बाकावरील एक मुलगी उठून म्हणाली, “म्हणजे तो तुमच्याकडे गणित शिकवायला आला होता.” महसुलाचा हिशेब पाहता तिचे फारसे चुकले नव्हते.

एका लांब सुटीत मी एकटी मोंबासाला जाऊन आले. २०१७ साली सुरू झालेल्या नव्या रेल्वेने नैरोबीहून पाच-सहा तास लागतात. जुनी रेल्वे १८९६ ते १९०१ या काळात हिंदुस्थानातून नेलेल्या सुमारे ३२,००० मजुरांनी बांधली आणि त्यांतील सुमारे अडीच हजार तेथेच मरण पावले. मोंबासाच्या जैन मंदिरात शांत बसून राहिले. १९६३ साली, देश स्वतंत्र झाला त्याच वर्षी, ते उभे राहिले. तेथील गुजराती कुटुंबांनी आपुलकीने जेवू घातले. कांदा-लसूण-बटाटा नसलेले ते जेवण मी वर्षभरानंतर जेवले. त्यांची चौथी पिढी तेथे आहे. त्यांच्या घरातील वृद्ध गृहस्थ म्हणाले, “तुम्ही दोन वर्षांनी जाल. आम्हांला राहायचे आहे.” ते सहज बोलले, पण परतीच्या गाडीत हेच वाक्य डोक्यात घोळत होते.

सर्वच काही असे गोड नव्हते. २०१९ साली मार्च-एप्रिलचा पाऊस लांबला. मक्याचा भाव चढला, शाळेत दुपारी मुलांना मिळणारी गिथेरी, म्हणजे मका व घेवड्याची उसळ, पातळ होऊ लागली आणि वर्गातील हजेरी घटली. १९७२ च्या दुष्काळात आमच्या सासूबाईंनी मिलोच्या भाकरी केल्या होत्या, त्या गोष्टी मला आठवत. त्याच दिवसांत जवळच्या शहरात परदेशी तरुणांचे एक पथक तीन आठवड्यांसाठी आले होते. त्यांनी एका बालगृहाची भिंत रंगविली, मुलांना कडेवर घेऊन छायाचित्रे काढली आणि निघताना सारी मुले रडली. मुले दर तीन आठवड्यांनी रडत असत, कारण दर तीन आठवड्यांनी नवे पथक येत असे. अशा बालगृहांतील पुष्कळ मुलांचे आई किंवा वडील हयात असतात. गरिबीमुळे आणि तेथे शिक्षण मिळेल या आशेने मुलांना ठेवले जाते. पाहुणे जितके अधिक, देणग्या जितक्या अधिक, तितकी मुलांची गरजही अधिक, असे उलटे चक्र सुरू होते. केनिया सरकारने २०१७ साली नव्या बालगृहांची नोंदणी थांबविली ती याच काळजीने, आणि डिसेंबर २०१९ मध्ये संयुक्त राष्ट्रसंघाच्या आमसभेनेही अनाथालयांतील अशा पर्यटनाविषयी ठराव केला. आपल्या घरांतील मुले-मुली महाविद्यालयाच्या सुटीत ‘आफ्रिकेत सेवा’ करण्याच्या जाहिराती दाखवितात तेव्हा पालकांनी एवढे विचारावे : तेथे आमच्या मुलाचे काम करायला स्थानिक माणूस मिळत नाही का? मिळत असेल, तर तिकिटाचे पैसे त्याच्या पगाराला का देऊ नयेत?

ज्यांना खरोखर जायचे आहे त्यांच्यासाठी व्यवहाराचे थोडे. पीतज्वराची लस प्रवासापूर्वी किमान दहा दिवस घ्यावी; तिचा दाखला नसेल तर भारतात परतताना सहा दिवस विलग ठेवतात. दाखला आता जन्मभर चालतो. प्लॅस्टिकच्या पिशव्या केनियात २०१७ पासून बंद आहेत आणि दंड जबर आहे, म्हणून मेथी-पापड कापडी पिशवीत न्यावेत. मसाल्यांची चिंता नको, नैरोबीत सर्व मिळते. घरच्यांशी बोलण्याची वेळ ठरवून टाकावी. तेथे संध्याकाळचे सात म्हणजे येथे साडेनऊ. त्या वेळी यजमान दुकान बंद करून अंगणात बसत, आणि माझ्या दिवसाचे सर्व हिशेब त्यांना आधी कळत.

दुसऱ्या वर्षाच्या अखेरीस मुख्याध्यापकांनी मला आणखी एक वर्ष राहण्याची विनंती केली. संस्थेचीही हरकत नव्हती. मला राहावेसे वाटत होते, हे लपवीत नाही. मुलांची नावे पाठ झाली होती, आजींच्या अंगणातील लोक्वाटच्या झाडाला फळे धरली होती, भाषा जिभेवर बसली होती. पण त्याच बैठकीत मंडळाच्या पुढील वर्षाच्या खर्चाचा कागद फिरत होता आणि त्यात त्या शिक्षिकेच्या पगारापुढील रकाना रिकामा ठेवलेला मला दिसला. मी राहिले तर तो रिकामाच राहणार होता. पालक समितीत त्यावर दोन तास चर्चा झाली. मी बाहेर व्हरांड्यात होते. स्वाहिलीतले निम्मे कळत होते, किकुयूतले काहीच नाही. ‘बादली’ हा शब्द मात्र तीन-चार वेळा ऐकू आला. शेवटी रकान्यात आकडा लिहिला गेला. आधीच्या वर्षापेक्षा थोडा अधिक. डिसेंबर २०१९ मध्ये मी शिनोलीला परतले.

तिला सरकारी नेमणूक मिळालेली नाही. अर्ज दरवर्षी करते. पगार अजूनही कधी वेळेवर होतो, कधी होत नाही, आणि साथीच्या काळात शाळा बंद होत्या तेव्हा तो महिनोन् महिने झालाच नाही. त्या दिवसांत तिने घराच्या ओट्यावर भाजी विकली. मेनेंगाईच्या वाटेवर भाकर खाणारा तिचा थोरला मुलगा आता माध्यमिक शाळेत आहे. अधूनमधून ती गणिताचा एखादा प्रश्न पाठविते. बहुतेक वेळा उत्तरही तिनेच काढलेले असते आणि ते बरोबर असते. अलीकडे तिने सरोवराच्या काठी उभ्या असलेल्या मुलांचे छायाचित्र पाठविले. सातवीचा नवा वर्ग, दोन बस, सर्व व्यवस्था तिची. खाली लिहिले होते : “या वेळी बिबट्या दिसला. मुले विचारतात, तुमच्या उसातला याच्याएवढाच असतो का?”